घड्याळ नेमकं कुणाच्या मनगटासाठी?

नोकरीत चार-पाच वर्षं झाली, थोडे पैसे साठले, की मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: "भारीतलं घड्याळ घ्यायचंय, कुठलं घेऊ?" मग कुणी ब्रँडची यादी टाकतं, कुणी रील पाठवतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात कोड लिहायच्या आधी विचारतात की हे वापरणार कोण. आज हाच प्रश्न आपण घड्याळांच्या इतिहासाला विचारू. पाच-सात महिन्यांचा पगार जाणार असेल, तर एवढी चौकशी करायलाच हवी.

सुरुवात आपल्या गावातूनच करू. गुलमंडीवरून सिटी चौक, सराफा असं चालत गेलात की शहागंजचं घड्याळ दिसतं. निजामाच्या काळातला हा टॉवर. तेव्हा वेळ ही सार्वजनिक गोष्ट होती. टॉवरचे ठोके, मशिदीतली अजान, देवळातली आरती, यावर बाजार चालायचा. स्वतःचं घड्याळ श्रीमंतांकडे असायचं, आणि तेही साखळीला बांधून खिशात. मनगटावर घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, असा युरोपातल्या पुरुषांचा समज होता.

हा समज मोडला तो गरजेनं. 1904 साली पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ या वैमानिकाची अडचण अशी होती की उडताना खिशातून घड्याळ काढायला हात मोकळा नसायचा. लुई कार्तिएनं त्याच्यासाठी मनगटावरचं घड्याळ बनवलं. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांनी घड्याळं मनगटावर बांधली, आणि युद्ध संपेपर्यंत तो पुरुषांचाही दागिना झाला होता.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे. भारतातले ब्रिटिश अधिकारी पोलो खेळायचे आणि खेळताना घड्याळाची काच फुटायची. त्यावर उपाय म्हणून 1931 साली 'रिव्हर्सो' आलं. त्याची डायल सरकवून उलटी फिरवता येते, काच आत जाते आणि बाहेर फक्त धातूची पाठ राहते. आज हे घड्याळ लाखांत विकलं जातं, पण त्याचा जन्म फुटलेल्या काचेच्या तक्रारीतून झाला. मुंबईत दुकान थाटलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीनं तर एका घड्याळाचं नावच 'सोवार' ठेवलं. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडदळातला शिपाई. गिऱ्हाईक कोण, हे नावातच लिहिलेलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं आली. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूत एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. चावीचं 'जनता' घराघरांत पोचलं, पण त्यासाठी थांबावं लागायचं. ज्यांना थांबायचं नव्हतं, त्यांच्यासाठी चोरट्या मार्गानं 'फॉरेनचं' घड्याळ यायचं. दोन्हीकडे निवड नव्हतीच. जे मिळालं, ते बांधलं.

आता परत गुलमंडीवर या. लग्नाचा बस्ता बांधायला अख्ख्या जिल्ह्यातून माणसं इथे येतात. साड्या, शालू, आहेराचे कपडे आणि नवरदेवाचं घड्याळ. एक काळ असा होता की सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही जावयाच्या मागणीची ठरलेली यादी होती. पैसे मुलीच्या बापाचे, पसंती मोठ्यांची, आणि मनगट मात्र तिसऱ्याचंच! ते घड्याळ त्याला नीट बसतं का, हे कुणी विचारायचं नाही. मांडवात ते चमकलं पाहिजे, एवढीच अट. कितीतरी बापांनी त्यापायी कर्ज काढलं. आपल्याकडे घड्याळाचा थाट ज्या रस्त्यानं आला, त्यात हाही रस्ता आहे, आणि तो विसरायचा नाही.

मग क्वार्ट्झ आलं. 1969 च्या नाताळात सेइकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. पुढे बॅटरीवर चालणारी, अचूक आणि स्वस्त घड्याळं सगळीकडे झाली. भारतात हे काम टायटननं केलं. टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून 1984 मध्ये ही कंपनी काढली, कारखाना होसूरला. साधं क्वार्ट्झ महिन्याला साधारण पंधरा सेकंद मागेपुढे होतं. स्विस प्रमाणपत्र मिळालेल्या चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाला दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची सूट असते. म्हणजे लाखाचं घड्याळ हजाराच्या घड्याळापेक्षा कमी अचूक! तेव्हापासून महाग घड्याळ हे वेळेसाठी उरलं नाही. ते आवडीसाठी आहे. मग ती आवड तरी स्वतःची असावी ना?

इथे आकाराची गंमत ऐका. आज जी अगडबंब घड्याळं दिसतात, त्यांतल्या काहींचा उगम शोधा. पानेरायची 47 मिलिमीटरची घड्याळं इटलीच्या नौदलातल्या पाणबुड्यांसाठी होती, डायव्हिंग सूटच्या बाहीवरून बांधायची. 1940 चं आयडब्ल्यूसीचं 55 मिलिमीटरचं घड्याळ विमानातल्या जाड जाकिटावरून बांधायचं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण आपण ते मे महिन्यात सुती शर्टावर, सोळा सेंटिमीटरच्या मनगटावर चढवतो, आणि मग टायपिंग करताना काढून टेबलावर ठेवतो.

आता कामाचं बोलू. दुकानात जाण्याआधी शिंप्याच्या टेपनं मनगटाचा घेर मोजा, आणि पट्टीनं वरच्या सपाट भागाची रुंदी. घड्याळाचा नुसता व्यास विचारू नका. पट्टा जिथे जोडलेला असतो, त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी विचारा. ती त्या सपाट भागापेक्षा कमी हवी. टोकं मनगटाबाहेर लोंबत असतील, तर ते घड्याळ तुमचं नाही, ब्रँड कुठलाही असो.

घालून हात मागे वाकवा, गाडीचं हँडल धरल्यासारखा. बाजूची चावी हाताच्या पाठीत रुतत असेल तर रोज रुतणार. फुल बाहीचा शर्ट घालत असाल तर जाडी बघा. 2002 साली टायटननं 'एज' फक्त साडेतीन मिलिमीटर जाडीचं केलं होतं, म्हणजे पातळ घड्याळ घ्यायला स्वित्झर्लंडच गाठावं लागतं असं नाही. वजन खटकत असेल तर टायटॅनियम बघा, ते स्टीलपेक्षा खूप हलकं असतं. आणि मराठवाड्याचा उन्हाळा लक्षात ठेवा. चामड्याचा पट्टा घामानं खराब होतो. उन्हात मनगट थोडं फुगतं, म्हणून चेन थोडी सैल-घट्ट करता येते का ते तपासा. सर्व्हिसिंग कुठे होतं, किती लागतं, हेही आधीच विचारा. ऑटोमॅटिक घड्याळ काही वर्षांनी उघडावंच लागतं आणि तो खर्च किमतीत धरलेला नसतो.

जुनं एचएमटी घ्यायचं मनात असेल, तर झगमगीत नव्या डायलचे जुने तुकडे जपून बघा. जुळवाजुळव करून विकलेल्या अशा घड्याळांना शौकीन लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात.

शेवटचं एक. वैमानिक, पोलोचा खेळाडू, पाणबुड्या, प्रत्येकानं आपल्या हाताची अडचण सांगितली आणि घड्याळ तसं घडलं. आपल्याकडे ते आधी सरकारनं ठरवलं, मग सासऱ्यानं, आता जाहिरात ठरवते. तुमच्या हाताची अडचण काय आहे, ते आधी एका ओळीत लिहून काढा आणि मग दुकानाची पायरी चढा. लिहिण्यासारखं काहीच सुचलं नाही, तर पैसे तसेच राहू द्या, वेळ मोबाइलमध्येही दिसतेच. तुमची ती एक ओळ मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!