'गॅन' : शेपटाएवढं उरलेलं नाव

ॲडलेडहून निघालेली 'द गॅन' ॲलिस स्प्रिंग्जमार्गे डार्विनला पोचते तेव्हा तिनं २,९७९ किलोमीटर मागं टाकलेले असतात. वाटेत लाल माती, खुरटी झुडपं आणि मैलोन् मैल शुकशुकाट. गाडीचं बोधचिन्ह आहे उंटावर बसलेला माणूस. 'गॅन' हे 'अफगाण' या शब्दाचं इंग्रजी तोंडात उरलेलं शेपूट.

पण हे 'अफगाण' ऑस्ट्रेलियात आले कुठून? उत्तर काबूलपेक्षा कराचीत जास्त सापडतं. १८६६ साली थॉमस एल्डर या जमीनदारानं शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले कराचीहून जहाजानं पोर्ट ऑगस्टाला आणवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, थेट १९३६ पर्यंत. म्हणजे या गाडीच्या नावाची पहिली गाठ आपल्याच इलाख्यातल्या एका धक्क्यावर बांधली गेली! त्या माणसांत पठाण होते, तसेच बलुची, सिंधी, पंजाबीही होते. उदाहरणार्थ, उंटवाला बेजा दरवेश मूळचा बलुचिस्तानचा. १८९६ च्या, वाळवंट धुंडाळणाऱ्या कॅल्व्हर्ट मोहिमेत त्यानं उंट सांभाळले आणि मोहिमेचा प्रमुख लॉरेन्स वेल्स यानं एका टेकडीला त्याचं नाव दिलं. लोकांच्या लेखी मात्र तोही अफगाणच.

मग आली रेल्वे. रूळ १८७८ मध्ये पोर्ट ऑगस्टाहून पडू लागले, १८८४ ला मरी, १८९१ ला उडनडाटा, १९२९ ला ॲलिस स्प्रिंग्ज.

आता नावाचा वाद. एक मत म्हणतं, उंटवाल्यांच्या सन्मानार्थ नाव ठेवलं. दुसरी कथा १९२३ ची: क्वॉर्न स्टेशनात गाडी थांबताच एक अफगाण प्रवासी नमाजासाठी धावत उतरला, ते पाहून रेल्वेवाले 'अफगाण एक्स्प्रेस' म्हणू लागले. तिसरी कथा अशी: रेल्वेनं खर्च करून शयनयान जोडलं, परतीच्या पहिल्याच खेपेला त्यात एकटा अफगाण निघाला आणि गाडीवरच्या माणसांनी साहेबांना टोमणा म्हणून हे नाव चिकटवलं.

सन्मानाची कथा पटत नाही. १९०१ च्या कायद्यानं गोऱ्यांखेरीज इतरांना देशाची दारं जवळजवळ बंद झाली होती. मरीत तर रुळांनी गावच दुभंगलं होतं: एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. तशा वस्तीला लोक 'गॅनटाउन' म्हणत. खरी किल्ली इथंच आहे. बोलीत 'अफगाण'चा 'गॅन' वस्तीनंच करून ठेवला होता, गाडीनं तो फक्त उचलला. शिवाय १९२९ पर्यंत उडनडाटाला रूळ संपत आणि पुढचा माल उंटांवर चढे, म्हणजे या गाडीत उंटवाला दिसणं रोजचंच. नमाजाची आणि शयनयानाची कथा एका प्रसंगाची. नाव टिकलं ते रोज दिसणाऱ्या माणसांमुळे.

मोटारी आल्या, रूळ पुढं सरकले आणि उंटांचं काम गेलं. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियानं बेवारस उंट मारण्याचा कायदा केला. जनावर मारायला हात न धजलेल्या अनेक मालकांनी आपले उंट रानात सोडून दिले. त्या उंटांचे वंशज आजही वाळवंटात मोकळे फिरतात.

१९८० साली नवा रुंद रूळमार्ग पश्चिमेकडून, टारकूलावरून गेला आणि मरी मुख्य वाटेवरून बाजूला पडलं. तिथं आता जुने गंजके रूळ, मातीच्या जुन्या मशिदीची नव्यानं उभारलेली प्रतिकृती आणि खजुराची झाडं आहेत.