१७० रुपयांचा जोड

जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने एक निर्णय घेतला. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलामुलींना गणवेशाबरोबर एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत द्यायचे. त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले गेले. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न आला : १७० रुपयांत बूट मिळतात कुठे? प्रश्न रास्तच आहे. पण मला त्याच्या मागे उभे असलेले आणखी दोन प्रश्न खुणावत राहिले. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पायात बूटच हवेत, हे आपल्याकडे रुजलं कसं? आणि 'चांगला' बूट म्हणजे नेमका कसा? वस्तू ठरल्याशिवाय तिची किंमत कशी ठरवणार?

मी काही पदवीधर इतिहासकार नाही. गेली काही वर्षं जुन्या बाजारातून, रद्दीतून, ओळखीपाळखीच्या घरांतून जमाखर्चाच्या वह्या गोळा करतो आणि वाचत बसतो, एवढंच. या वह्यांत मुलांचे बूट शोधू लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. फी, पुस्तकं, वह्या हे सगळं 'शिक्षण' या सदरात असतं. बूट मात्र 'कपडेलत्ता' किंवा 'किरकोळ' या सदरात. शाळेसाठी घेतलेली वस्तू शिक्षणखर्चात धरलीच जात नाही. थोरल्याच्या नावे बूट येतात, पुढे सोल आणि शिलाईच्या नोंदी येतात, आणि धाकट्याच्या नावे बऱ्याच वर्षांनी पहिली खरेदी दिसते. मधल्या काळात त्याच्या पायात काय होतं, ते सांगायला नोंदीची गरज नाही.

त्याही मागे गेलं तर वहाणेला रोख किंमतच नव्हती. गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. मोट, नाडे, आसूड, वहाणा शिवायच्या, तुटलेल्या सांधायच्या, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. हा करार शेतकऱ्याच्या घराशी असे आणि वहाण लागे ती रानात राबणाऱ्या मोठ्या माणसाला. वाढत्या पायासाठी कातडं खर्ची घालणं कुणाच्या हिशेबातच नव्हतं. अनवाणी पोर ही गरिबीची खूण नव्हती. खाऊनपिऊन सुखी घरातलं पोरही तसंच हिंडे.

पण वहाण ही निव्वळ वस्तू कधीच नव्हती. अनेक गावांत वाड्यांसमोरून जाताना दलितांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्या समाजाने त्या शिवल्या त्यालाही यातून सुटका नव्हती. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण वहाणेबद्दल नाहीच, ती माणसाला त्याच्या जागी ठेवण्याबद्दल आहे.

इंग्रजी अमलात या जुन्या मानापमानाला नवं कलम जोडलं गेलं. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारने कलकत्त्यातल्या सरकारी प्रसंगी युरोपीय पद्धतीचे बूट घालून येणाऱ्या एतद्देशीयांना ते न काढण्याची मुभा दिली. देशी जोडा मात्र दाराबाहेरच. १८६२ साली सुरतेच्या अदालतीत माणेकजी कावसजी एन्टी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला. त्यावरून उठलेला वाद 'जोड्यांचा महाप्रश्न' म्हणून गाजला. यातून लोक एवढं शिकले की आपला जोडा बाहेर राहतो आणि साहेबाचा बूट आत जातो. शाळेच्या काळ्या बुटाला पुढे जी प्रतिष्ठा मिळाली तिचं एक मूळ मला इथे दिसतं.

त्याच सुमारास शाळा पसरत होती, पण बुटाशिवाय. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तसं करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. या साऱ्या खटाटोपात 'मोफत' याचा अर्थ फी माफ असा होता. पायात काय असावं हा शाळेचा प्रश्नच नव्हता. ज्या कोल्हापुरात ही शाळा उभी राहिली तिथल्याच चपलेने पुढे जगभर नाव कमावलं; पण शाळेचा गणवेश ठरला तेव्हा त्यात कोल्हापुरीला जागा मिळाली नाही.

बूट सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला तो कारखान्याने. चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लीन गावच्या टोमास बाटा यांनी १९२२ साली, मंदीच्या ऐन कहरात, आपल्या बुटांच्या किमती एकदम निम्म्यावर आणल्या आणि खपाच्या जोरावर धंदा तारला. हीच रीत घेऊन कंपनी हिंदुस्थानात आली. १९३१ साली इथली कंपनी स्थापन झाली. कलकत्त्याजवळ कोन्नगरला आरंभ होऊन तिसाव्या दशकाच्या मध्यात हुगळीकाठी बाटानगर उभं राहू लागलं. बलुत्याचं धान्य आणि चांभाराशी होणारी घासाघीस या दोन्हींच्या जागी काचेमागे चिठ्ठीवर लिहिलेली, ९ वर संपणारी किंमत आली. त्या दशकातली या कंपनीची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. लहानशी जखमसुद्धा धनुर्वाताला कारण होऊ शकते, तेव्हा बूट घाला, असं ती बजावत होती. भीती दाखवून माल खपवणं हा भाग होताच, पण सांगणं खोटं नव्हतं. काटा, काच, तापलेला रस्ता यांतून पाय वाचतो. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतो आणि मुलाचं रक्त आटवतो. अनवाणी बालपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर गणवेश रुळत गेला तसा शहरी शाळांत काळा बूट त्याच्याबरोबर पक्का झाला. मग शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी आणि पी.टी.साठी पांढरे कॅनव्हास आले. मळलेल्या कॅनव्हासवर ओला खडू फिरवणारी पिढी अजून हयात आहे. एका मुलामागे एका वर्षात दोन जोड, हा खर्च अशा रीतीने घरात शिरला आणि 'किरकोळ' सदरात जाऊन बसला.

आता मापाकडे वळू. दुकानात आपण जो नंबर सांगतो तो इंग्रजी. त्याचं एकक जवाचा एक दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. मुलांचा १३ नंबर संपला की पुन्हा १ नंबर सुरू होतो, ही गंमतही तिकडचीच. बऱ्याच दुकानांत नंबरांच्या गटागटाने किंमत वाढते. त्यामुळे पाय वाढला की नवा जोड तर लागतोच, वर तो आधीपेक्षा महागही पडतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाचं पाऊल साधारण वर्षाकाठी सेंटिमीटरभर वाढतं. नव्या बुटात अंगठ्यापुढे सव्वा सेंटिमीटर जागा ठेवली आणि चालताना निदान अर्धा सेंटिमीटर मोकळा लागतो असं धरलं, तर वाढीला उरते पाऊण सेंटिमीटर. म्हणजे जूनमध्ये नेमक्या मापाने घेतलेला बूट फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन परीक्षेच्या तोंडावर, बोटाला लागू लागतो. आईबापांना हे गणित न मांडताही ठाऊक असतं. म्हणून 'वाढत्या मापाचा' बूट घेतला जातो, टोकाशी कापूस किंवा कागदाचा बोळा कोंबला जातो. पहिले काही महिने मूल बूट ओढत चालतं, मधले काही महिने तो नीट बसतो, आणि शेवटी तो चावतो. वर्षाच्या पैशात योग्य मापाचा बूट मिळतो तो मधल्या महिन्यांपुरताच.

यात रुंदीची भर आहे. बूट फर्म्यावर चढवून बनतो आणि प्रत्येक नंबराला वेगळा फर्मा लागतो. एकाच नंबरात दोन-तीन रुंदीचे फर्मे ठेवायचे तर खर्च तितक्या पटीने वाढतो, म्हणून स्वस्त बुटात रुंदी एकच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. निष्कर्ष असा की भारतीय पाऊल साधारणतः रुंद आहे, आणि बाहेरून आलेल्या मापांत ते बसवण्यासाठी लोक लांबीला मोठा नंबर घेतात. त्यावरून 'भ' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. तिच्या आठ गटांत तान्ह्या मुलांपासून शाळकरी मुलामुलींपर्यंतचे सहा गट स्वतंत्र आहेत. मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचते, हेही या मोजणीत दिसलं.

मग चांगला बूट कोणता? याचं एक अनपेक्षित उत्तर कर्नाटकच्या किनाऱ्यावरून आलं आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षं वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. पादत्राणं घालणाऱ्यांतही हे प्रमाण बंद बुटांत सर्वांत जास्त, सँडल-चपलांत त्याहून कमी. सपाट पाऊल म्हणजे दर वेळी दुखणं नव्हे. तरीही लहान वयात पाय बंद करून ठेवण्याने त्याचं भलंच होतं, या समजुतीला आधार नाही, एवढं यातून नक्की निघतं. पायाला संरक्षण हवं, पण कोंडमारा नको.

आणि आपल्याकडे शाळा व पाऊस जूनमध्ये बरोबरच येतात. स्वस्त शाळकरी बूट आज कातड्याचा नसतो. वर रेक्झिन, खाली पीव्हीसीचा ओतलेला सोल. एकदा भिजला की रात्रीत वाळत नाही आणि उन्हाळ्यात आतला पाय उकडून निघतो. म्हणूनच अनेक शाळा पावसाळ्यात सँडलला मुभा देतात. म्हणजे बंद काळ्या बुटाचा नियम वर्षातले तीन-चार महिने आपणच गुंडाळून ठेवतो, आणि त्याने शिस्तीला बाधा आल्याचं कुणी म्हणत नाही.

सरकार या खर्चाकडे कसं पाहतं, ते करात दिसतं. ब्रिटनमध्ये १९७३ साली मूल्यवर्धित कर आला तेव्हापासून लहान मुलांचे कपडे आणि पादत्राणं यांवर शून्य दर आहे. आपल्याकडे कर पायाचं वय विचारत नाही, फक्त जोडाची किंमत विचारतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा ५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि वरच्यावर १८ टक्के कर होता. २०१८ मध्ये ५ टक्क्यांची मर्यादा १००० रुपये झाली. जानेवारी २०२२ पासून त्याच बुटावर १२ टक्के आले. सप्टेंबर २०२५ मध्ये २५०० रुपयांपर्यंत पुन्हा ५ टक्के झाले. या चढउतारात मुलांचा बूट मोठ्यांच्या बुटामागे फरफटत गेला. त्याचा स्वतंत्र विचार झालाच नाही.

आता त्या १७० रुपयांकडे येऊ. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस किमान २००. म्हणजे बूट आणि दोन जोड मोजे मिळून दिवसाला ८५ पैसे. बाजारातला हजार रुपयांचा जोड वर्षभर टिकला तरी दिवसाला ५ रुपये. केंद्र सरकारच्या २०२५ च्या पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलाच्या शिक्षणावर घराचा सरासरी वार्षिक खर्च २,८६३ रुपये निघाला, सरकारी नसलेल्या शाळांत २५,००२. पहिल्या घराला हजाराचा जोड म्हणजे वर्षाच्या शालेय खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दुसऱ्याला पंचविसावा हिस्सा. नियम दोन्हीकडे सारखाच, काळा बूट आणि मोजे. त्याचं ओझं मात्र सारखं नाही. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की शिक्षण पुरं करण्याच्या आड येईल असा कोणताही खर्च मुलावर पडता कामा नये. ज्या बुटाशिवाय मूल रांगेतून बाजूला काढलं जातं तो बूट 'किरकोळ' कसा ठरेल?

१७० ही रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढवायला हवी, यात शंका नाही. पण नुसती रक्कम वाढवून तोच कडक, अरुंद बूट ठोकात घेतला तर पैसा वाढेल, पाय तिथेच राहील. माझ्या मते तीन गोष्टी आधी व्हाव्यात. एक, खरेदीपूर्वी शाळेत प्रत्येक मुलाचं पाऊल कागदावर ठेवून लांबी-रुंदी मोजावी. इयत्तेवरून नंबर ठरवू नये. याला पट्टी आणि पेन्सिल एवढंच लागतं. दोन, पहिली ते चौथीपर्यंत तरी मागे पट्टा असलेली मजबूत सँडल बाराही महिने चालावी. ती पावसात वाळते, पट्टा सैल करता येतो, म्हणून वाढत्या पायाला जास्त दिवस पुरते. तीन, बूट पाहून मुलाला शिक्षा करण्याची किंवा वर्गाबाहेर ठेवण्याची रीत शाळांनी सोडावी.

पायातल्या वस्तूवरून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हा आपल्या इतिहासातला फार जुना खेळ आहे. वाड्यासमोर तो जातीच्या नावाने चालला, अदालतीत अमलाच्या नावाने. शाळेच्या फाटकात तो शिस्तीच्या नावाने चालू राहू नये. मुलाच्या पायात बापाची चप्पल येऊ लागली की त्याला मित्रासारखं वागवावं, असं आपल्याकडे म्हणतात. ती येईपर्यंतची चौदा-पंधरा वर्षं त्या पायाची वाढ मोजून, तिला पुरेल अशी जागा ठेवणं हे मात्र बापाइतकंच शाळेचं आणि सरकारचंही काम आहे.