पाचशे रुपयांची जागा

१ जुलै १९८९ रोजी देशात नवा मोटार वाहन कायदा अमलात आला आणि त्याच्याबरोबर रस्त्यावरच्या वर्तनाची एक नियमावलीही आली. तिच्यातला पंधरावा नियम वाहन कुठे उभे करू नये ते सांगतो. चौकाजवळ, वळणावर, चढाच्या माथ्यावर, पदपथावर, सिग्नलजवळ किंवा पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी, दुसऱ्या उभ्या गाडीला लागून किंवा तिच्या समोर, बसथांब्यापाशी, शाळेच्या किंवा इस्पितळाच्या दारात, आग विझवायच्या पाण्याच्या नळापाशी. यादी बऱ्यापैकी लांब आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे. नागपुरात रस्त्यावर आगीचा नळ शोधायला निघाले तर दुपार जाईल, पण कायद्याने त्याच्यापुरती जागा मोकळी ठेवली. अपंगांच्या वाहनासाठी राखलेली जागा या यादीत नाही.

नसणारच, कारण तेव्हा अशी जागाच आपल्या रस्त्यांवर नव्हती. आज मॉलच्या तळघरात, मोठ्या इस्पितळांच्या आवारात, मेट्रोच्या स्थानकांखाली निळ्या चौकोनातली चाकाची खुर्ची रंगवलेली दिसते. तिच्यावर भलत्याच माणसाची गाडी उभी असेल तर त्याला काय शिक्षा होते? उत्तर दोन ओळींचे आहे. पण त्या दोन ओळींपर्यंत यायला कायद्याला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली, आणि ही वाट ज्या क्रमाने चालली गेली तो क्रम मला विलक्षण वाटतो.

आधी आले वाहन. १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते. त्या कायद्याच्या व्याख्यांमध्ये ‘इनव्हॅलिड कॅरेज’ नावाचा एक प्रकार आहे. शारीरिक व्यंग असलेल्या माणसासाठी खास आखलेली आणि खास बांधलेली, पाच हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे साधारण अडीचशे किलोपेक्षा जड नसलेली, फक्त त्याच्याच वापरातली गाडी. मधे एक छोटी अट आहे: ती गाडी नुसती ‘जुळवून घेतलेली’ असता कामा नये. ही शब्दयोजना आपली नव्हे. इंग्लंडच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यातून ती जवळपास जशीच्या तशी उचललेली आहे. तिकडे पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक होते, त्यांच्यासाठी तीनचाकी गाड्या बनवणारे कारखाने होते. तिथल्या कायद्याने समोर दिसणाऱ्या गाडीची व्याख्या केली; आपल्याकडे व्याख्या आली, गाडी आली नाही.

१९८८ च्या कायद्यात वजनाची मर्यादा गेली, पण ‘नुसती जुळवून घेतलेली नव्हे’ ही अट तशीच राहिली. आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडची खरी गाडी रस्त्यावर येत होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबले की सुरू. पोलिओने एक किंवा दोन्ही पाय गेलेल्या पिढीसाठी ही गोष्ट केवढी मोठी होती हे आज सांगूनही पटणार नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आडवी दांडी बसवायची, तिला दोन छोटी चाके लावायची, की झाली चारचाकी स्कूटर. माझ्या मावसभावाने नव्वदच्या सुमारास गणेशपेठेतल्या एका मिस्त्रीकडून अशी गाडी करवून घेतली. कुबड्या पायाशी आडव्या ठेवायची सोय मिस्त्रीने आपल्या डोक्याने केली होती. त्या गाडीवर तो बर्डी, महाल, इतवारी, सगळे नागपूर फिरला, नोकरी केली, पोरीला शाळेत सोडले.

कायद्याच्या काटेकोर अर्थाने मात्र ती गाडी ‘खास बांधलेली’ नव्हतीच. ती सर्वांसाठी बनलेली स्कूटर होती, जुळवून घेतलेली. परिवहन कार्यालयांनी व्यवहारात अशा गाड्या आणि त्यांचे परवाने सामावून घेतले, हा कारकुनी शहाणपणा. व्याख्या बदलायला २०१९ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्द कायद्यातून काढला आणि ‘अडॅप्टेड व्हेइकल’ आणला, म्हणजे बदल करून घेतलेली गाडी. मालकाने आधी बदल करून मागाहून मंजुरी घेतली तरी चालेल, अशी सोयही केली. जे १९३९ मध्ये मुद्दाम वगळले होते तेच आता नाव झाले. गणेशपेठेतला मिस्त्री कायद्याच्या तीस वर्षे पुढे होता.

वाहनाची कथा ही अशी. जागेची कथा वेगळ्या मुलखातून सुरू होते. १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने चाकाच्या खुर्चीचे चिन्ह रेखाटले. मूळ चित्रात माणसाला डोके नव्हते, नुसती खुर्ची होती. पुढच्या वर्षी कार्ल मोंटान यांनी वर एक गोल ठेवला आणि खुर्चीत माणूस आला. ब्रिटनमध्ये १९७० चा कायदा झाला आणि १९७१ पासून नारिंगी बिल्ला सुरू झाला, जो पुढे २००० मध्ये निळा झाला. या बिल्ल्याची गंमत अशी की तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. अपंग व्यक्ती ज्या गाडीतून जाईल त्या गाडीच्या काचेपाशी तो ठेवायचा. दुसऱ्याचा बिल्ला वापरून गाडी लावली तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. कॅलिफोर्नियात राखीव जागा अडवल्याचा दंड अडीचशे डॉलरपासून सुरू होतो. पुण्या-नागपुरातून तिकडे गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना हे आकडे तोंडपाठ असतात, इथल्या दंडाचा आकडा त्यांना विचारून पाहा.

आपल्याकडे पहिला व्यापक कायदा १९९५ चा. ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू. त्यात रस्त्यांबद्दल कलम आहे: सिग्नलला आवाज असावा, पदपथाला उतार असावा. इमारतींबद्दल कलम आहे: रॅम्प, चाकाची खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह, लिफ्टमध्ये ब्रेल. दोन्हींना ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाट जोडलेली. पार्किंग या कलमांमध्ये नाही. पण या कायद्यातली शिक्षा पाहण्यासारखी आहे. अख्ख्या कायद्यात शिक्षेचे कलम एकच, एकोणसत्तरावे: अपंगांसाठी असलेला लाभ ज्याने फसवणुकीने घेतला त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रॅम्प न बांधणाऱ्याला काही नाही. खोटा दाखला काढणाऱ्याला तुरुंग.

खोटे दाखले निघतात आणि त्याला शिक्षा हवीच, याबद्दल दुमत नाही. पण सरकारला भीती कशाची वाटत होती ते यातून कळते. अपंगाची सोय कोणी अडवील ही भीती नव्हती. कोणीतरी धडधाकट माणूस अपंग असल्याचे सोंग आणील, ही होती.

रंगवलेल्या चौकोनाचे माप कायद्यातून आले नाही, ते मार्गदर्शक सूचनांतून आले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या १९९८ च्या सूचना आणि पुढे २००५ ची राष्ट्रीय इमारत संहिता यांनी ते पक्के केले: प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दोन मोटारींची जागा, रुंदी किमान ३.६ मीटर, आणि ठळक दिसेल अशी पाटी. साधी मोटार अडीच मीटर रुंदीच्या जागेत मावते. वरचे मीटरभर कशासाठी? दार पूर्ण उघडून बाजूला चाकाची खुर्ची लावता यावी आणि माणसाला तिच्यात सरकता यावे यासाठी. म्हणून या जागेचा सर्वांत सर्रास होणारा गैरवापर मोटारवाले करत नाहीत. चौकोन रिकामा असतो, आणि बाजूच्या त्या मीटरभर पट्टीत दोन-तीन मोटारसायकली खोचलेल्या असतात. लावणाऱ्याला वाटते, कुठे अडवलीय जागा, गाडी तर मावतेय. मावते खरी, माणूस उतरत नाही.

आणि या मापात माझ्या मावसभावाची गाडी कुठेच बसत नाही. एका आवारात मी त्याच्याबरोबर होतो. त्याने स्कूटर खुर्चीच्या चित्रावर लावली तर पहारेकरी धावत आला. “भाऊ, हे फोरव्हीलरची जागा हाये. टू-व्हीलर तिकडं लावा ना.” तिकडे म्हणजे इमारतीला वळसा घालून, जिथे रांगेत दोन स्कूटरांमध्ये हातभर अंतर असते आणि बाजूची चाके अडकतात. मावसभावाने कुबड्या दाखवल्या. पहारेकरी ओशाळला, म्हणाला, “तसं नाही भाऊ, पण साहेब लोक मले बोलतात.” ज्याने चौकोन आखला त्याच्या डोळ्यांपुढे मोटार चालवणारा अपंग होता. आपल्या गल्लीबोळात दिसतो तो बहुतेक स्कूटरवर असतो.

आता दंडाकडे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. बसथांबे, रेल्वे स्थानके, विमानतळ यांच्यासंदर्भात पार्किंग हा शब्द त्यात स्पष्ट येतो. शिक्षाही वाढल्या. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. खोट्या लाभाची दोन वर्षांची कैद कायम, दंड वीस हजारांवरून एक लाख. वाचताना वाटते, सापडले. पण हा कायदा कर्तव्ये घालून देतो ती मुख्यतः सरकारला आणि आस्थापनांना. जागा आखायची कोणी, हे तो सांगतो. आखलेल्या जागेवर गाडी लावणाऱ्या नागरिकाला उद्देशून त्यात नेमका शब्द नाही. फसवणुकीचे कलमही त्याच्यावरून घसरते, कारण तो कसलेच सोंग आणत नाही. तो लंगडत उतरत नाही, दाखला दाखवत नाही. किल्ली फिरवत उतरतो आणि चालू लागतो.

म्हणून परत मोटार वाहन कायदा. २०१७ मध्ये १९८९ ची नियमावली जाऊन नवी आली. विशिष्ट वाहनांसाठी राखलेल्या जागेत इतरांनी वाहन लावू नये, हे तिने यादीत घेतले. शिक्षा मात्र निराळी नाही. १९८८ च्या कायद्यात सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी शंभर रुपये, पुन्हा केल्यास तीनशे. एकतीस वर्षे शंभर म्हणजे शंभरच. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचे पाचशे आणि दीड हजार केले. ही दुरुस्ती संसदेत मांडणारे मंत्री नितीन गडकरी हे नागपूरचेच खासदार. आणि गंमत पाहा, १ सप्टेंबर २०१९ ला देशात ती लागू झाली तरी महाराष्ट्रानेच हात आखडता घेतला. तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी दंड कमी करा म्हणून गडकरींना पत्र लिहिले. नवे दर राज्यात आले ते २०२१ च्या डिसेंबरात. पुढे २०२२ च्या जूनमध्ये गडकरींनीच एका भाषणात, चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो पाठवणाऱ्याला हजाराच्या दंडातून पाचशे बक्षीस द्यायची कल्पना बोलून दाखवली, आणि आपल्या नागपुरातल्या स्वयंपाक्याकडेही दोन गाड्या असल्याचे सांगितले. गाड्या का मावत नाहीत याचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मी वाचलेले नाही.

तर उत्तर हे: पाचशे रुपये. नो पार्किंगच्या खांबाखाली गाडी लावली तर जेवढे, तेवढेच. तेही चौकोन रस्त्यावर असेल आणि पोलीस तिथे असेल तर. रंगवलेल्या खुर्च्या बहुतांश आवारांच्या आत आहेत. कायद्यातली सार्वजनिक जागेची व्याख्या रुंद आहे, लोकांना जिथे जायचा हक्क आहे ती कुठलीही जागा तिच्यात बसते. पण मॉलच्या तळघरात चलान करायला वाहतूक शिपाई सहसा उतरत नाही. तिथे राज्य पहारेकऱ्याचे, आणि त्याला साहेब लोक बोलतात. एका इस्पितळातला पहारेकरी मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची चौकोनाच्या मधोमध ठेवतो आणि ज्याला गरज दिसेल त्याच्यासाठी उचलतो. चित्रातल्या खुर्चीवर खरी खुर्ची. माझ्या पाहण्यात नागपुरातली ही सर्वांत परिणामकारक तरतूद.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात निकाल दिला. खटला २००५ चा. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने २०१७ च्या नियमांतला सुगम्यतेचा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती सांगत होता आणि नियमाने तिची शिफारस करून ठेवली होती. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत वेगळे काढा, असा आदेश झाला. ३.६ मीटर आणि ३० मीटर हे आकडे त्याच शिफारशींच्या गठ्ठ्यातले.

सक्ती झाली तरी शिपायाने ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतो. ऑक्टोबर २०२० पासून वाहन नोंदणीच्या वीस क्रमांकाच्या अर्जात मालकीच्या प्रकारांत ‘दिव्यांगजन’ ही नोंद आली आहे. म्हणजे एमएच-३१ पुढचा क्रमांक टाकला की गाडी कोणाची ते कळू शकेल. मात्र ही नोंद गाडीची आहे, ब्रिटनच्या बिल्ल्यासारखी माणसाची नाही. मावसभाऊ आता बासष्ट वर्षांचा आहे. पावसाळ्यात त्याची स्कूटर घसरते म्हणून जून ते सप्टेंबर तो जावयाच्या मोटारीतून मेडिकलला तपासणीला जातो. मोटार जावयाच्या नावावर आहे.