सिंगापूरचे बंदिवान

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. जनरल पर्सिव्हल यांनीं शरणागतीवर सही केली, आणि १७ तारखेस फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारें ४५ हजार हिंदी सैनिक गोऱ्या कैद्यांपासून निराळे काढून जपानी मेजर फुजिवारा यांच्या हवालीं करण्यांत आले. ज्या सरकारासाठीं ते समुद्रापार लढावयास गेले होते, तेंच त्यांना परक्याच्या हातीं सोपवून मोकळें झालें!

तेथेंच कॅप्टन मोहनसिंग यांनीं देशासाठीं नवी फौज उभारण्याची हाक दिली. हजारों शिपाई त्या झेंड्याखालीं गेले. त्यांची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु दुसरे हजारों गेले नाहींत. कोणी खाल्ल्या मिठाला जागला, कोणी घेतलेल्या शपथेला. कोणाचा जपान्यांच्या शब्दावर भरंवसा नव्हता.

अशांपैकीं अनेकांना जहाजांत कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन या दूरच्या बेटांवर हमालीस धाडलें. युद्धकैद्यांविषयींच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपाननें सही केली होती, पण त्यास अंतिम मान्यता दिली नव्हती. उपासमार, रोगराई आणि मारहाण यांनीं माणसें खंगून मेलीं. रबौलजवळच्या बिटा पाका येथील युद्ध-दफनभूमींत त्यांचीं स्मृतिचिन्हें आहेत.

आपल्या कानांना ओळखीचें वाटेल असें एक नांव यांत आहे: कॅप्टन धारगळकर. तें ऐकतांच पेडणें महालांतील धारगळ गांव आठवतें. ते व त्यांचे सहकारी हरि बधवार हे तिसऱ्या कॅव्हलरीचे अधिकारी. नकार दिल्याबद्दल दोघांनाहि जपान्यांनीं अरुंद पिंजऱ्यांत कोंडलें. तरी ते वांकले नाहींत. पुढें नोव्हेंबर १९४५ मध्यें लाल किल्ल्यांत शाहनवाझ, सहगल व धिल्लाँ यांच्यावर खटला उभा राहिला, तेव्हां धारगळकर सरकारपक्षाचे साक्षीदार होते. सारा देश मात्र आरोपींच्या पाठीशीं होता, आणि तें स्वाभाविकच होतें.

पुढें काय झालें? आझाद हिंद फौजेच्या वीरांना जनतेनें हार घातले, पण स्वतंत्र भारताच्या सैन्यांत त्यांना परत घेतलें नाहीं. बधवार मेजर जनरल झाले, धारगळकर लेफ्टनंट जनरल. एकाला लोकांचा मान मिळाला, दुसऱ्याला हुद्दा. परंतु न्यू गिनीच्या चिखलांत मेलेल्या साध्या शिपायाला दोन्ही मिळालें नाहीं. मी वर्षानुवर्षें शाळेंत इतिहास शिकविला. क्रमिक पुस्तकांत त्याच्यासाठीं एक ओळहि नव्हती.

शपथ मोडणाऱ्यानें देशासाठीं मोडली, पाळणाऱ्यानें शब्दासाठीं पाळली. एकाचा गौरव केल्यानें दुसऱ्याचा उणेपणा होत नाहीं. कामठीची छावणी ज्यांच्या गांवाला लागून आहे, त्या आम्हां नागपूरकरांना शिपाई परका नाहीं. सिंगापूरला सहलीस जाणाऱ्यांनीं क्रांजीच्या टेकडीवर अवश्य जावें. ज्यांची कबर कोठें आहे हें ठाऊक नाहीं अशा २४ हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें तेथील भिंतींवर कोरलीं आहेत. त्यांत हिंदी नांवें पुष्कळ आहेत. त्यांतलीं चार तरी मोठ्यानें वाचावींत, आणि बरोबरच्या मुलांना ऐकवावींत.