गुहेला दार असतं, उताराला नसतं

जंगलातल्या उतारावरचा ओलसर दगड उलटवलात की खालून राखाडी, चपटे, खापऱ्या-खापऱ्यांचं कवच असलेले जीव सैरावैरा पळतात. हे वुडलाइस. वाणी, म्हणजे पैसा किडा, तो वेगळा. वाणीला पायांची रांगच्या रांग असते, यांना मोजून सात जोड्या. आणि हे कीटकही नाहीत. खेकडा-कोळंबीच्या गणगोतातले हे प्राणी समुद्र सोडून जमिनीवर आले, पण श्वासासाठी त्यांना अजून ओल लागतेच. ही ओलीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला सांगायचंय ते त्या दगडाच्या साधारण मीटरभर खाली काय आहे याबद्दल, आणि तिथे बघायला शास्त्रज्ञांना इतका उशीर का झाला याबद्दल. सिनॉप्सिसमध्ये ‘अभ्यासक्षेत्र’ या मथळ्याखाली दोन ओळी खरडून पुढे जाणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

सुरुवात स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत होते. १८३१ साली तिथे दिवे लावण्याच्या कामावर असलेल्या लुका चेचला एक विचित्र, बिनडोळ्यांचा भुंगेरा सापडला. पुढच्याच वर्षी त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं आणि गुहेतल्या प्राण्यांचा शोध सुरू झाला. यात वुडलाइसही लवकरच आले. त्याच भागातल्या गुहांमधल्या पांढऱ्याफटक, आंधळ्या वुडलाउसच्या प्रजातीसाठी डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ शिओट यांनी १८४९ मध्ये ‘टायटॅनीथीस’ ही प्रजाती-पातळीच्या वरची, म्हणजे जीनसची, ओळख दिली. १८५४ मध्ये शिनर यांनी गुहेतल्या प्राण्यांचे गट पाडले. त्यातला पक्का गुहावासी तो ‘ट्रोग्लोबाइट’. हा शब्द तुम्हाला आजच्या पेपरांतही भेटेल.

इथे एक गृहीतक गुपचूप आत शिरलं. प्राणी गुहेत सापडला, म्हणून तो गुहेचा. पण गुहा म्हणजे काय? माणूस आत शिरू शकेल एवढी पोकळी! दोन-तीन मिलिमीटरच्या प्राण्याचं घर ठरवताना आपण मोजपट्टी लावली ती माणसाच्या खांद्यांच्या रुंदीची.

हे एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. रोमानियाचे एमिल राकोव्हित्सा. ‘बेल्जिका’ जहाजावरून अंटार्क्टिकाला जाऊन आलेला हा सागरी जीवशास्त्रज्ञ १९०४ मध्ये मायोर्का बेटावरच्या द्राक गुहेत गेला आणि तिथल्या पाण्यात त्याला एक आंधळा आयसोपॉड मिळाला, म्हणजे वुडलाइसचाच पाण्यातला चुलतभाऊ. त्यानंतर गड्याने समुद्र सोडला तो सोडलाच. १९०७ मध्ये त्याने गुहाजीवशास्त्राचा पायाभूत म्हणावा असा निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं होतं की भूगर्भातल्या जीवांचं खरं राज्य खडकातल्या फटींमध्ये आहे, गुहा हा त्या जाळ्याचा छोटा भाग. १९२० मध्ये त्याने क्लुज शहरात जगातली पहिली गुहाशास्त्र संस्था उभी केली.

मग पुढच्याच वर्षी सगळे फटी शोधायला लागले असतील? छे. फटीत शिरायचं कसं? गुहेला दार असतं, टॉर्च घेऊन आत जाता येतं. कल्पना होती, पण तिला हात घालायची रीत नव्हती. शिवाय चुनखडी नाही तिथे गुहा नाहीत, आणि गुहा नाहीत तिथे गुहेतले प्राणी नाहीत, असं एक सोयीचं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं.

ते समीकरण १९८० मध्ये मोडलं. फ्रान्सच्या पिरेनीज भागात मुलीस इथे १९४८ पासून एक भूगर्भीय प्रयोगशाळा होती. वुडलाइसवरचे मोठे जाणकार आल्बेर व्हांदेल तिच्या संस्थापकांपैकी. तिथल्या ज्युबेर्ती, दले आणि बुयाँ या तिघांनी चुनखडी नसलेल्या डोंगरउतारांवर मातीचा थर ओलांडून खणलं. ट्रेकिंग करणाऱ्यांना घसारा माहीत असेल, सुट्ट्या दगडांचा खच. तसाच खच, पण वर माती आणि जंगल चढलेलं. मातीखालच्या त्या दगडांमध्ये मिलिमीटर-सेंटिमीटरच्या पोकळ्या राहिलेल्या, आत पूर्ण काळोख, हवा कायम दमट. आणि तिथे ‘गुहेतले’ म्हणून नोंदलेले भुंगेरे मजेत राहत होते! या अधिवासाला त्यांनी जे फ्रेंच नाव दिलं त्याचा अर्थ ‘उथळ भूगर्भीय परिसर’. संक्षेपात एमएसएस.

त्या वेळी भाव खाल्ला भुंगेऱ्यांनी. पण या घसाऱ्यात वुडलाइस असणं हे माझ्या मते जास्त बोलकं आहे. त्यांना ओल हवी, आणि ती इथे कोरड्या महिन्यांतही टिकते. त्यांना कुजका पालापाचोळा हवा, तो वरच्या जंगलातून पाण्याबरोबर आणि मुळांच्या वाटेने झिरपत येतो. युरोपातल्या अशा उतारांमध्ये ट्रिकोनिसिडी कुळातले इवलेसे, फिकट वुडलाइस मिळतात. त्यांतल्या अनेकांना डोळे नसतात.

याने एक जुना सिद्धांतही डळमळला. खोल गुहेत अन्नाचा दुष्काळ आणि तापमान स्थिर, म्हणून प्राणी आंधळे-पांढरे होतात, असं सांगितलं जायचं. घसाऱ्यात तर अन्न तुलनेने बरं आणि तापमान ऋतूप्रमाणे हलतं. तरीही प्राणी तसेच. दोन्हीकडे सारखा फक्त काळोख. कल्व्हर आणि पिपान यांनी २०१४ मध्ये अशा उथळ अधिवासांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात हा युक्तिवाद नीट मांडलाय.

पद्धत अगदी साधी आहे. भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप खड्ड्यात उभा पुरायचा, तळाशी आमिष आणि टिकवण्याचं द्रावण असलेला डबा दोरीने सोडायचा, आणि खड्डा त्याच दगडमातीने बुजवून काही महिने वाट बघायची. आमिष म्हणून वास मारणारं चीज चालतं. मिळालेले प्राणी कुपीत भरल्यावर लेबल लिहायची वेळ येते. ओल्या दिवसांत पाचोळ्याखाली आणि कोरड्या दिवसांत घसाऱ्यात सापडणारा एकच वुडलाउस हातात असेल, तर ‘अधिवास’ या रकान्यात तुम्ही काय लिहाल?