'होपफुली'चे सोवळे

काही वर्षांपूर्वीपर्यंत या लेखकाच्या हाती लाल शाईचे पेन असे आणि इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत 'होपफुली, द रेन विल कम सून' असे वाक्य आले की पहिल्या शब्दाखाली रेघ ओढली जाई. समासात प्रश्नचिन्ह, आणि अर्धा गुण वजा. विद्यार्थ्याने कारण विचारले तर उत्तर तयार असे : पाऊस आशा करू शकत नाही. हे उत्तर मला माझ्या शिक्षकांनी दिले होते, त्यांना ते एका अमेरिकन पुस्तकाने दिले होते, आणि आम्हां कोणालाही ते तपासून पाहावेसे वाटले नव्हते. त्या अर्ध्या गुणाचा इतिहास मात्र तपासण्याजोगा आहे.

'होपफुली' या क्रियाविशेषणाचा जुना अर्थ सरळ आहे : आशेने, आशाळू मनाने. स्टीव्हन्सनच्या 'एल दोरादो' या निबंधाच्या अखेरीस प्रवास करण्याच्या क्रियेला जोडून ते याच अर्थाने येते, आणि शुद्धतावाद्यांना हा दाखला फार प्रिय. वाद आहे तो दुसऱ्या अर्थाचा, म्हणजे 'असे घडावे अशी आशा आहे' या अर्थाचा. येथे आशा वाक्याच्या कर्त्याची नसते, बोलणाऱ्याची असते. हा दुसरा अर्थ विसाव्या शतकातील आळशी पत्रकारांनी प्रचारात आणला, अशी समजूत दीर्घकाळ होती. पुढे शोधकांना तो थेट १७०२ साली प्रसिद्ध झालेल्या कॉटन मॅदर यांच्या 'मॅग्नालिया क्रिस्ती अमेरिकाना' या ग्रंथात सापडला. मॅदर हे न्यू इंग्लंडमधील प्युरिटन धर्मोपदेशक. त्यांच्यावर भाषिक स्वैराचाराचा आरोप करणे अवघडच. त्यानंतर मात्र हा प्रयोग विरळच दिसतो. १९३२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथपरीक्षण पुरवणीत माजी राष्ट्राध्यक्ष आणि माजी गव्हर्नर यांचे एक मंडळ नेमण्याची कल्पना मांडताना लेखकाने टेक्सासचे फर्ग्युसन दांपत्य त्यात नसावे अशी आशा याच एका शब्दात सुचवली. हा शब्द थट्टेच्या सुरात किती सहज बसतो, ते येथे दिसते.

लोकांच्या नजरेत तो आला १९६०च्या दशकात. याच दशकाच्या आरंभी, १९६१ साली, फिलिप गोव्ह यांनी संपादित केलेला वेबस्टरचा तिसरा बृहत्कोश निघाला. लोक जसे बोलतात-लिहितात तसे नोंदवणे एवढेच कोशाचे काम, या भूमिकेमुळे त्याच्यावर वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. 'होपफुली'चा नवा अर्थ त्या कोशाने नोंदला होता. ज्यांना कोशकाराने न्यायाधीश व्हावे असे वाटत होते, त्यांनी मग न्यायदानाचे काम आपल्या हाती घेतले. विल्सन फॉलेट यांचे इंग्रजी लेखनसंकेतांवरील पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९६६ साली, जाक बार्झन आदींनी पूर्ण करून प्रसिद्ध केले. त्यात या प्रयोगाचा संबंध जर्मन 'होफेन्टलिख'शी जोडून तो इंग्रजीच्या प्रकृतीला परका ठरवला आहे. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या 'एलिमेंट्स ऑफ स्टाइल'च्या १९७९च्या तिसऱ्या आवृत्तीत तो चूक तर म्हटलाच, वर खुळचटही ठरवला. जीन स्टॅफर्ड या पुलित्झरविजेत्या लेखिकेने तर आपल्या घराच्या दारावर पाटी लावली होती, की या आवारात हा शब्द चुकीचा वापरणाऱ्याची मानहानी करण्यात येईल. पाटी विनोदाने लावली असेल. पण विनोदासाठी निवडलेली शिक्षा पाहण्यासारखी आहे.

आकडे याहून बोलके आहेत. वेबस्टरच्या तिसऱ्या कोशाला उत्तर म्हणून जो अमेरिकन हेरिटेज कोश निघाला, त्याने लेखक-संपादक-प्राध्यापकांचे एक पंचमंडळच नेमले होते. १९६९ साली त्यांतील ४४ टक्के पंचांना 'होपफुली'चा नवा प्रयोग मान्य होता. १९८६ साली हे प्रमाण २७ टक्क्यांवर उतरले. मधल्या काळात तो शब्द घराघरांत बोलला जाऊ लागला होता, म्हणजे लोकांनी तो जितका स्वीकारला तितका पंचांनी तो टाकला. आणखी एक गोष्ट : त्याच १९८६च्या पाहणीत 'मर्सिफुली'चा अगदी याच घडणीचा प्रयोग ६० टक्के पंचांनी मान्य केला.

व्याकरणाची बाजू येथेच लंगडी पडते. पाऊस आशा करीत नाही हे खरे. पण 'मर्सिफुली पाऊस थांबला' म्हणताना पाऊस दयाळू असतो काय? 'फ्रँकली, तो मूर्ख आहे' या वाक्यात स्पष्टवक्ता कोण, तो की मी? यावर विरोधकांचे उत्तर असे, की 'फॉर्च्युनेटली'चा विस्तार 'हे सुदैवाचे आहे की' असा करता येतो, 'होपफुली'चा तसा करता येत नाही. खरे आहे, पण 'फ्रँकली'चाही करता येत नाही, 'थँकफुली'चाही नाही. 'रिग्रेटफुली' आणि 'रिग्रेटेब्ली' अशी जोडी इंग्रजीने घडवली, 'होप'च्या बाबतीत दुसरे रूप घडवायचे राहून गेले, आणि जे रूप हाताशी होते तेच दोन्ही कामांना जुंपले गेले. भाषेत असे नेहमीच होते.

आम्हां मराठी शिक्षकांच्या बाबतीत तर अज्ञानाची सबबही चालण्यासारखी नाही. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले पी. सी. रेन (होय, 'बो जेस्त' या कादंबरीचे लेखक तेच) आणि एच. मार्टिन यांचे व्याकरण आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी घोकले. वाक्यारंभी येणारे क्रियाविशेषण काही वेळा एकट्या क्रियापदाचे नव्हे, तर अख्ख्या वाक्याचे विशेषण असते, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. उदाहरणे 'प्रॉबेब्ली', 'फॉर्च्युनेटली', 'लकिली' यांची. 'होपफुली' त्या यादीत नाही, परंतु नियम आहे. कपाटातल्या पुस्तकात नियम असताना आम्ही परक्या देशातली अस्पृश्यता आयात केली.

अस्पृश्यता हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. सोवळ्याचा नियम वस्तूच्या गुणावर ठरत नाही, ती कोणाच्या हातची आहे यावर ठरतो. 'होपफुली' जोवर एखाद्या धर्मोपदेशकाच्या ग्रंथात किंवा परीक्षणकाराच्या कोपरखळीत होते, तोवर ते कोणाला खुपले नाही. विक्रेते, जाहिरातदार, दूरचित्रवाणीचे निवेदक यांच्या तोंडी बसले तेव्हा विटाळ झाला.

त्याच्या भावंडांकडे पाहिले म्हणजे हे अधिक पटते. 'आयडियली' हा शब्द मुळात 'कल्पनेत, मनातल्या मनात' या अर्थाचा. आज तो 'सर्वांत चांगले म्हणजे' या अर्थाने वाक्याच्या तोंडी येतो आणि बहुतेक वेळा मागून 'पण' येणार हे ऐकणाऱ्याला कळते. 'प्रेफरेब्ली' कचेऱ्यांतून आणि जाहिरातींतून वावरते. 'अर्जदार प्रेफरेब्ली पदवीधर असावा' यात पसंती नेमकी कोणाची, हे ते कधीच सांगत नाही. बोलणारा लपवण्याचा जो दोष 'होपफुली'वर ठेवला गेला तो या दोघांतही आहे, किंबहुना 'प्रेफरेब्ली'त अधिक. कारण तेथे लपलेल्याच्या हाती नोकरी असते. त्यांच्यावर पाटी कोणी लावली नाही.

तरीही विरोधकांच्या म्हणण्यात एक कण खरा होता, असे मला वाटते. 'आय होप' म्हणणारा आपल्या आशेला जामीन राहतो. 'होपफुली' म्हणणारा ती हवेत सोडून देतो. ती माझी, तुमची, सगळ्यांची किंवा कोणाचीच नाही. 'हे काम होपफुली सोमवारपर्यंत होईल' असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला सोमवारी जाब विचारता येत नाही. ही तक्रार रास्त आहे. पण ती नीतीची तक्रार आहे आणि तिला व्याकरणाचा वेष चढवला गेला.

एप्रिल २०१२मध्ये असोसिएटेड प्रेसच्या लेखनसंकेतपुस्तकाने हा प्रयोग मान्य केला. तशी घोषणा करताना संस्थेने वाक्याचा आरंभ त्याच शब्दाने केला. निम्म्या शतकाची भांडणे इतक्या हलक्या हाताने मिटतात.

मराठीत हे भांडण झालेच नाही. संस्कृतात 'कदाचित्' म्हणजे 'एखादे वेळी' आणि 'बहुधा' म्हणजे 'अनेक प्रकारे'. मराठीत पहिले 'असेलही'च्या अर्थी स्थिरावले, दुसरे 'बहुतेक करून'च्या. काळाचे आणि रीतीचे शब्द बोलणाऱ्याच्या अंदाजाचे शब्द झाले, 'होपफुली'च्याच वाटेने, आणि कोणा शास्त्र्याने त्यांना उंबऱ्यावर अडवल्याचे ऐकिवात नाही. 'शक्यतो' तर शक्यतेच्या पोटातून निघून पसंतीकडे गेला : 'शक्यतो सकाळी या'. आशेसाठी मात्र मराठीने असे क्रियाविशेषण घडवले नाही, कारण ते काम क्रियापदच करते. 'पाऊस पडावा', 'पाऊस पडो', 'पाऊस पडेल अशी आशा आहे' : पहिल्यात इच्छा, दुसऱ्यात प्रार्थना, तिसऱ्यात अपेक्षा. अनुवादकाला 'होपफुली' आडवे आले की या तिहींतून एक निवडावे लागते, आणि निवडताना मुळात बोलणारा काय करीत होता हे ठरवावे लागते. इंग्रजी वाक्याने ते त्याला सांगितलेले नसते.

उत्तरपत्रिकांत मी आता ती रेघ ओढत नाही. वर्गाबाहेर मुले आपसांत बोलतात ते कानी पडते : 'होपफुली उद्या पाऊस पडेल.' क्रियापद साध्या भविष्यकाळात आहे. 'पडो' त्यांच्यातला कोणी म्हणत नाही.