जुन्या मोटारीचा घसा

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात चिंचोळी एमआयडीसी लागते. गावाचे नाव कशावरून पडले असेल ते असो. आपण बोलताना चिंचोळी वाट, चिंचोळी बोळ असे म्हणतो, म्हणजे अरुंद. आजचा आपला विषयही एका चिंचोळ्या वाटेचाच आहे. ही वाट हाताच्या बोटांत मावेल एवढी असते, पण तिच्यावाचून जुनी मोटार एक पाऊल पुढे टाकत नाही. ती वाट म्हणजे कार्ब्युरेटरचा घसा.

मोटारीचा आणि सोलापूरचा संबंध तसा जुना आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी याच सोलापुरात झाला. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढायचा हा त्यांचा ध्यास. सर विश्वेश्वरय्यांनी त्याची योजना आखून दिली होती, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणे झाले होते. पण परक्या सरकारने साथ दिली नाही. शेवटी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि 1947 साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. त्यातून आली ती आपल्या सर्वांच्या ओळखीची फियाट अकराशे. हीच गाडी 1974 पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने धावू लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होऊन बसले. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या घरच्या गाड्या.

अशीच एक गाडी माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे आहे. वडिलांची गाडी, म्हणून जिवापाड जपलेली. एके दिवशी त्यांच्या मनात आले, गाडीला जरा जोर हवा. जुन्या बाजारातून दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या गाडीचा दांडगा कार्ब्युरेटर त्यांनी आणला आणि बसवून घेतला. झाले भलतेच. मोकळ्या रस्त्यावर गाडी बरी पळे, पण सात रस्त्याच्या चौकात गिअर टाकून पाय दिला की आचके देऊन बंद पडे. पेट्रोल वाढले, प्लग काळे झाले. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, लेकराच्या तोंडाला घागर लावली तुम्ही. पोटात कमी जातंय अन् अंगावरच जास्त सांडतंय.”

मिस्त्रीचे बोलणे शास्त्राला धरूनच होते. ते कसे, ते पाहू.

पेट्रोल नुसते ओतून इंजिन चालत नाही. त्याची हवेशी वाफेसारखी मिसळण व्हावी लागते. कार्ल बेन्झच्या 1886 च्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ही मिसळण करीत. 1893 च्या सुमारास जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर काढला. त्यामागचे तत्त्व मात्र त्याहून शंभर वर्षे जुने. व्हेंतुरी नावाच्या इटालियन पंडिताने 1797 साली दाखवून दिले होते की, वाहता प्रवाह अरुंद जागेतून गेला की त्याचा वेग वाढतो आणि तेथला दाब उतरतो. कार्ब्युरेटरच्या घशात हेच घडते. हवा चिंचोळ्या जागेतून वेगाने जाते, दाब उतरतो, आणि जेट नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप वर खेचले जाऊन त्याचा फवारा उडतो. वेग हाच तेथला प्राण आहे. घसा मोठा केला की हवेला वाट मोकळी मिळते खरी, पण वेग मरतो. पेट्रोल मग फवारा न होता थेंबाथेंबाने नळीच्या भिंतीला चिकटते.

आता थोडा हिशेब करू. पद्मिनीचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, म्हणजे सुमारे 1.09 लिटरचे. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत सिलिंडर एकदा भरतात. मिनिटाला 4800 फेरे धरले, तर 2400 वेळा भरणे झाले. म्हणजे साधारण 2600 लिटर हवा. पण सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाहीत. अशा जुन्या इंजिनाला शेकडा 80 धरावे. मग आले सुमारे 2090 लिटर, म्हणजे सेकंदाला 35 लिटर.

ही हवा 24 मिलिमीटर व्यासाच्या घशातून गेली, तर तिचा सरासरी वेग सेकंदाला 77 मीटर होतो. घसा 32 मिलिमीटरचा केला तर तो 43 मीटरवर येतो. ही झाली भरधाव वेगाची गोष्ट. आता चौकातून गाडी उठवताना फेरे 1500 वर आहेत असे समजा. लहान घशात वेग 24 मीटर राहतो, मोठ्या घशात जेमतेम साडेतेरा. आमच्या गृहस्थांची गाडी चौकात का आचके देत होती, ते यातून उलगडते. उलट घसा फारच लहान घेतला, तर चौकात गाडी झकास उठेल, पण पुण्याच्या रस्त्यावर वेग घेताना तिचा दम कोंडेल. म्हणून इंजिन केवढे, त्याचे फेरे किती आणि गाडी बहुतेक चालते कोठे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत आणि मगच माप ठरवावे.

येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. सोलेक्स कार्ब्युरेटरवर 32 असा आकडा असतो, तो खालच्या झडपेपाशी असलेल्या तोंडाचा व्यास. आतला घसा त्याहून लहान असतो. आकडा वाचून दोन्हींची गल्लत करू नये.

शिवाय घसा एकटा काही करीत नाही. इंजिनाच्या झडपा केव्हा उघडाव्यात आणि किती, हे कॅमशाफ्ट ठरवितो. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचे असे कॅमशाफ्ट या चिंचोळीतही तयार होतात. मूळचा कॅमशाफ्ट तसाच ठेवून घसा वाढविणे म्हणजे दिंडीदरवाजा तेवढाच ठेवून समोरचा रस्ता रुंद करण्यासारखे आहे. माणसे आत जायची तेवढीच जाणार.

आता नव्या काळातली एक अडचण. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसापासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. 2025 साली देशात हे प्रमाण शेकडा 20 वर पोहोचले. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9 च. दोहोंच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर जुळवलेली जुनी गाडी आता उपाशी राहते, तापते, ओढताना अडखळते. त्यावर उपाय म्हणून कोणी मोठा कार्ब्युरेटर घेऊ पाहील, तर ती चूक होईल. इंजिन हवा पूर्वीइतकीच घेते, म्हणून घसा तोच ठेवावा. वाढवायचे ते जेट. इंधन शेकडा आठ-नऊने वाढायला हवे. त्यासाठी भोकाचा व्यास शेकडा चारने वाढला तरी पुरतो. उदाहरणार्थ, 120 क्रमांकाच्या जागी 125. जोडीला रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे बसवावेत, कारण जुने रबर त्याने फुगते आणि तडकते. गळक्या नळीने आग लागण्याचा धोका असतो, तेव्हा येथे काटकसर नको.

त्या गृहस्थांनी शेवटी जुनाच कार्ब्युरेटर माळ्यावरून काढला, साफ करून बसविला आणि फक्त जेट बदलले. गाडी पळते म्हणावी तर पूर्वीइतकीच पळते. मात्र सात रस्त्याला बंद पडत नाही. परवा भेटले तेव्हा सांगत होते, गाडीचा आवाज पुन्हा वडिलांच्या वेळेसारखा येऊ लागला आहे. आपल्याकडे अशी एखादी गाडी असेल, तर पाने हाती घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि जुना भाग निघाला तरी तो भंगारात देऊ नका.